पानाखालचं नाव

जमलेल्या सगळ्यांना जयभीम. महाडहून, नाते गावाहून, लांबून आलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मावशी, तुम्ही अगदी पुढे बसला आहात. तुमच्याकडे बघत मला बोलता येणार नाही. म्हणून मी मागच्या खिडकीकडे बघून बोलेन. राग मानू नका.

मी सुजाता. दासगावची. महाडच्या वाचनालयात संगणक विभाग सांभाळते. आठ दिवसांपूर्वी आपले सकपाळ सर, मावशींचे यजमान, गेले. दुपारी जेवले, हात धुतले, खुर्चीत बसले आणि गेले. मावशी भांडी आवरून आल्या तेव्हा संगणक चालूच होता. पान अर्धं वाचून झालं होतं.

आमचे ग्रंथपाल पाटणकर काका मला म्हणाले, "सुजाता, पाच मिनिटं बोल. सरांच्या कामाबद्दल तुला सगळ्यात जास्त माहिती आहे." खरं आहे, काका. मला सगळ्यात जास्त माहिती आहे. म्हणून तर इथं उभं राहणं जड जातंय.

मी घरून एक कागद लिहून आणला होता. त्यात लिहिलं होतं, सर मनमिळाऊ होते. आता इथं येऊन, तुमच्या सगळ्यांचे चेहरे बघून, मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. सर मनमिळाऊ नव्हते. हसू नका, तुम्हालाही ठाऊक आहे. सर तिरसट होते. एका शब्दासाठी तीन शनिवार भांडायचे. पण भांडून झालं की आपल्या डब्यातली भाकरी समोर सरकवायचे, आणि म्हणायचे, "खा गो. भांडायला ताकद लागते."

सरांचं काम काय होतं, हे इथल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नसेल. आयटीआयमधून फिटरचे निदेशक म्हणून निवृत्त झाले, इथवर माहीत असेल. नंतर "म्हातारा दिवसभर कॉम्प्युटरवर काहीतरी करतो" एवढंच. म्हणून सांगते.

आपल्या तालुक्यातल्या शाळांना आणि आमच्या वाचनालयाला जुने संगणक मिळाले होते. जुने म्हणजे खरंच जुने. चित्रांची बटणं उघडायला गेलं की चहा पिऊन यावं इतका वेळ. पण त्यांच्यात एक काळी खिडकी असते. तिला शेल म्हणतात. तिथं चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा टाईप करायची, एन्टर दाबायचं, मशीन ते काम करतं. जुनं मशीनही त्या खिडकीत पळतं. अडचण एकच, आज्ञा ठाऊक पाहिजे. त्या आज्ञांची माहिती देणारी पानं इंग्रजीत होती, आणि जी काही मराठीत होती ती दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिलेली. एका पानावर एक शब्द, दुसऱ्या पानावर त्याच वस्तूला दुसरा. कुठं उदाहरण आधी, कुठं शेवटी, कुठं नाहीच. शिक्षक वाचायचे, गोंधळायचे आणि मशीनवर कापड टाकून ठेवायचे.

सर म्हणाले, ही पानं आपण नीट करू. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते आणि मी. ते पोलादपूरहून एसटीनं यायचे. मी तेव्हा वाचनालयात नोकरीला नव्हते, नुसतीच येत होते. लिहायचं मी, तपासायचं त्यांनी.

आणि तपासायचं म्हणजे कसं? मावशी, सांगू का? सांगतेच.

पान लिहून झालं की सर ते घरी न्यायचे आणि मावशींना संगणकासमोर बसवायचे. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या पान वाचणार, आणि पानात लिहिलंय तेवढंच करणार. आपण बाजूला बसायचं, तोंड बंद. एकदा मी तिथं होते. माझ्या पानात आज्ञा बरोबर होती, पण एन्टर दाबा हे लिहायचं राहून गेलं होतं. मावशींनी आज्ञा टाईप केली आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. पाच मिनिटं झाली. दहा मिनिटं झाली. मी म्हणायला गेले, मावशी, एन्टर. सरांनी माझ्याकडे असं बघितलं! म्हणाले, "बोलायचं नाय. पान पाठवलंस की तू काय पानाबरोबर जाणार हायस?" शेवटी मावशीच म्हणाल्या, "अहो, माझा भात लागेल खाली. तुमच्या कागदात पुढं काय हाय की नाय?"

पुढं काही नव्हतं. भात लागला. पान परत लिहिलं.

ही सरांची तपासणी. त्यावरून त्यांनी एक नियम केला. पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, तपासणाऱ्याचं घालायचं. मी विचारलं, सर, लिहिते मी आणि नाव तुमचं? ते म्हणाले, "लिहिणारा लिहितो आणि इसरतो. ज्यानं हात लावून बघितलं तो जबाबदार. काय चुकलं तर लोकांनी कुणाला धरायचं, ते ठाव पायजे." म्हणून आमच्या प्रत्येक पानाखाली एकच ओळ असायची. तपासलं: य. सकपाळ, पोलादपूर.

ही ओळ लक्षात ठेवा. मला पुढं हिच्यापाशी यायचंय.

इतका हट्ट कशासाठी? मीही विचारलं होतं. तेव्हा त्यांनी आयटीआयमधली गोष्ट सांगितली. लेथ मशीनपाशी सूचनांचा तक्ता होता. चौथी ओळ होती, मशीन चालू करा. पाचवी ओळ होती, चालू करण्याआधी पकड घट्ट करायची चावी काढून घ्या. एका प्रशिक्षणार्थ्यानं तक्ता वाचत वाचत काम केलं. चौथी ओळ वाचली, तसं केलं. पाचव्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत त्याचं बोट गेलं होतं. सर म्हणाले, "त्याची काय चूक होती सांग? त्यानं जसं लिवलं तसंच केलं. तक्ता रोज माझ्या डोळ्यासमोर होता आणि मला कधी दिसला नाय."

तेव्हापासून त्यांचं ठरलं. धोका आधी, कृती नंतर. एका वस्तूला एकच नाव, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि तिसरं, ज्यावर ते सगळ्यात जास्त ओरडायचे: मशीन जे करतं तेच लिही. मशीननं जे करावं असं तुला वाटतं, ते लिहू नको.

मला पहिले दोन नियम पाठ झाले. तिसरा झाला नाही. त्याची गोष्ट आता सांगायची आहे.

मोरे बाई, तुम्ही दुसऱ्या रांगेत आहात. तुम्ही आज आलात. मला वाटलं नव्हतं तुम्ही याल.

बाकीच्यांसाठी सांगते. मोरे बाई नाते गावच्या शाळेत शिकवतात. वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे तळ्याची गाणी होती. त्यांच्या आया सत्याग्रहाला तळ्यावर निघाल्या तेव्हा वाटेत म्हणत गेल्या, ती. कुणी ती लिहून ठेवली नव्हती. बाई सुट्टीच्या दिवशी वाडीवाडीत पायी गेल्या आणि एकेका म्हातारीसमोर बसून ती मोबाईलवर घेतली. मोबाईल भरला की वाचनालयाच्या संगणकात आणून ठेवायच्या आणि मोबाईल मोकळा करायच्या. वाचनालयात सुरक्षित राहतील म्हणून.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी शिक्षकांचं शिबिर होतं. आमच्या पानांची छापील पुस्तिका शिक्षकांना द्यायची होती. सगळी पानं झाली होती, आणि सरांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पनवेलला जावं लागलं. शनिवारी मी एकटीच खोलीत. मी सगळी पानं एकापुढं एक लावून बघितली, आणि मला दिसलं की काही पुसून टाकणाऱ्या चार आज्ञांच्या पानांवर वरतीच चौकट आहे. सावधान. ही आज्ञा काही पुसण्याआधी तुम्हाला विचारते. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुसत नाही. आमच्या मशीनवर तशी सोय करून ठेवलेली होती, त्या चार आज्ञांना. पाचवं पान होतं दोन कप्पे, म्हणजे फोल्डर, एकसारखे करणाऱ्या आज्ञेचं. पहिल्या कप्प्यात जे आहे तेच दुसऱ्या कप्प्यात उरेल. दुसऱ्यात जास्तीचं असेल ते जाईल. त्या पानावर चौकट नव्हती.

मला ते पान उघडं-बोडकं वाटलं. चार पानांना चौकट आणि एकाला नाही, हे कसं दिसतं? सर म्हणतील, एकसारखं नाय. मी चौथ्या पानावरची चौकट उचलली आणि पाचव्यावर चिकटवली. चालवून बघितलं नाही. कुणाला समोर बसवलं नाही. पानं एकसारखी दिसली आणि मला फार बरं वाटलं.

ती पाचवी आज्ञा विचारत नाही. ती सरळ पुसते.

मी सरांना फोन केला. सर, पुस्तिका छापायला द्यायचीय, पाचव्या पानाची तपासणी राहिलीय. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. म्हणाले, "घाल माझं नाव. पट्टी निघाली की बघतो." मी नाव घातलं. पुस्तिका छापली. तपासलं: य. सकपाळ, पोलादपूर.

चार दिवसांनी मोरे बाई वाचनालयात आल्या. त्यांच्या पेनड्राईव्हवर एक नवीन गाणं होतं, ते जुन्यांबरोबर ठेवायचं होतं. त्यांनी पुस्तिका उघडली, पाचवं पान काढलं, वरची चौकट वाचली. आज्ञा लिहिली, पहिला कप्पा पेनड्राईव्हचा, दुसरा जुन्या गाण्यांचा, एन्टर दाबलं आणि थांबल्या.

बाई थांबल्या, कारण पानावर लिहिलं होतं की मशीन विचारणार आहे. त्या प्रश्नाची वाट बघत बसल्या. प्रश्न आला नाही. मग त्यांनी कप्पा उघडून बघितला. आत एकच गाणं होतं, नवीन. बाकीची सगळी गेली होती. ती गाणी म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्या तोवर वारल्या होत्या.

बाई, त्या दिवशी तुम्ही रडला नाहीत. तुम्ही पाटणकर काकांच्या टेबलावर ती पुस्तिका ठेवली, पाचव्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तपासलं कुणी?

मग आमच्या वाचनालयात बैठक झाली. इथले आठ-दहा जण त्या बैठकीत होते. काकांनी मोठ्यानं पान वाचलं, शेवटची ओळ वाचली. सर नुकतेच पनवेलहून आले होते, काळा चष्मा होता. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, डोळ्याशी धरली. मग माझ्याकडे बघितलं. चष्म्यातून डोळे दिसत नव्हते, पण माझ्याकडेच बघितलं. आणि म्हणाले, "नाव माझं हाय ना खाली? मग मीच."

आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले? सांगते. वाचनालयात संगणक विभागाला माणूस घ्यायचा होता, माझा अर्ज काकांच्या टेबलावर होता. मला ती नोकरी पाहिजे होती. दासगावात भाऊ म्हणत होता, शनिवारी जाऊन काय मिळतं तुला? मला त्याला दाखवायचं होतं. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? हो. एवढ्यासाठी.

काका त्या दिवशी सरांना बरंच बोलले. "या वयात जमत नसेल तर सोडा, लोकांचं वाटोळं करू नका." मोरे बाई सरांना दादा म्हणायच्या. त्या उठल्या आणि दादा न म्हणता निघून गेल्या. दुसऱ्या महिन्यात मला नोकरी लागली. आज मी ज्या खुर्चीत बसते ती खुर्ची तशी मिळालेली आहे.

त्यानंतर सर महाडला आले नाहीत. पानं मात्र चालू राहिली. शनिवारी मी इथं पोलादपूरला यायचे. ते तपासायचे, मावशी समोर बसायच्या, भात लागायचा. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मी दर वेळी ठरवायचे, आज सांगते. दर वेळी घरी जायचे न सांगता. दगडाखाली हात सापडावा तशी गत. हात काढायचा तर दगड उचलायला पाहिजे, आणि दगड मीच ठेवलेला.

एकदा सर म्हणाले, आंबेनळीच्या वरच्या अंगाला एक म्हातारी हाय, तिला तळ्याची गाणी येतात असं ऐकलंय. जाऊ. आम्ही एसटीनं निघालो. घाटात अर्ध्यावर गेलो आणि पुढे दरड कोसळली. गाडी मागं घ्यावी म्हटलं तर मागच्या वळणावरही मोठे दगड आलेले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. चार तास आम्ही त्या गाडीत होतो. कंडक्टर खाली उतरून विडी ओढत होता. एक बाई पोराला खारे शेंगदाणे भरवत होती. आणि मी खिडकीशी, सर माझ्या बाजूला. उठून जायला जागाच नव्हती.

मी म्हणाले, सर, ते पाचवं पान.

ते म्हणाले, "मला ठाव हाय."

कधीपासून?

"बैठकीत पान वाचलं तेव्हाच. चौकट तुझ्या हातची. मी असली चौकट चालवून बघितल्याबिगर लावत नाय."

मग तुम्ही बोलला का नाहीत?

तेव्हा ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगते. "पट्टी माझ्या डोळ्याला होती, तोंडाला नव्हती. मी फोनवर नाय म्हणायला पायजे होतं. नियम माझा आणि मोडला मीच. आता तू बोललीस तर काका तुला ठेवणार नायत. तू गेलीस की पानं कोण लिवील? मी म्हातारा. गाणी तर काय परत येत नायत. पानं तरी राहू देत."

मी म्हणाले, पण मोरे बाई?

ते म्हणाले, "तेवढं मात्र लागतं बघ." आणि शेंगदाणेवाल्या बाईला विचारू लागले, बाळाचं नाव काय.

मंडळी, तुम्ही म्हणाल, किती मोठा माणूस. मलाही तसं वाटलं, आठ दिवस वाटलं. नवव्या दिवसापासून मला राग यायला लागला. आज सांगते, इथं सांगते. मला सरांचा राग आला होता, अजून आहे. त्यांनी मला वाचवलं, असं तुम्हाला वाटेल. त्यांनी मला अडकवलं. मला न विचारता त्यांनी माझी चूक उचलून आपल्या खांद्यावर घेतली आणि मला त्या पानांना बांधून ठेवलं. मी बोलले तर त्यांचं सहन करणं वाया, नाही बोलले तर त्यांचं नाव खराब. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सर, तुम्ही मशीनला विचारायला लावायचात. मला मात्र एकदाही विचारलं नाहीत.

पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलते असं समजू नका. बैठकीत तोंड माझं होतं आणि मी ते मिटून घेतलं. दरड कोसळली नव्हती, मी स्वतःच बसून राहिले होते.

दरड काढल्यावर त्या दिवशी आम्ही परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. ती म्हातारी भेटली. तिला एका गाण्याच्या दोनच ओळी आठवल्या, पुढं ती नुसती गुणगुणली. सरांनी तेवढंच घेतलं. मोरे बाई, तुमच्या शाळेत तुमच्या नावानं एक पाकीट आलं होतं, आत पेनड्राईव्ह, चिठ्ठी नाही. तुम्ही वाचनालयात येऊन मला विचारलं होतंत, कुणी पाठवलं असेल? मी म्हणाले होते, माहीत नाही. ते सरांनी पाठवलं होतं. पत्ता मीच लिहिला होता.

त्याच्या आधी एकदा ते तुमच्या घरी आले होते. तुम्ही शाळेत होतात. ते पडवीत तासभर बसले, तुमच्या सासूबाईंनी दिलेलं पाणी प्यायले आणि उठून आले. मला म्हणाले, "बरं झालं नव्हती. आली असती तर काय बोललो असतो?" तुम्हाला सासूबाईंनी सांगितलं असेल, नसेल, मला ठाऊक नाही.

शेवटच्या दिवशी संगणकावर जे पान अर्धवट वाचलेलं होतं ते कुठलं, माहीत आहे? मावशींनी मला दाखवलं. पाचवं. मी ते केव्हाच दुरुस्त केलं होतं. चौकट आता खरी आहे. ही आज्ञा विचारत नाही, सरळ पुसते, आधी प्रत काढून ठेवा. दुरुस्तीनंतर सर ते पहिल्यांदाच तपासायला बसले होते, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. आणि खाली त्यांचंच नाव होतं, मी ते कधी काढलं नव्हतं. दोन वर्षं ती ओळ तशीच. एवढी साधी ओळ, आणि ती पुसायला मला धीर होत नव्हता. ती पुसली तर सगळे विचारतील, का?

मावशी. आता मी तुमच्याकडे बघते. तुम्हाला हे माहीत होतं का, मला ठाऊक नाही. मला वाटतं होतं. तुम्ही दर शनिवारी मला वाढत होतात, आणि एकदाही काही बोलला नाहीत. माझं ताट उचलताना तुमचा हात कधी जोरात आपटला नाही. मला त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते. मला माफ करा.

काका, तुम्ही मागे बसला आहात. तुम्ही सरांना जे बोललात ते मला बोलायला हवं होतंत. मी सोमवारी वाचनालयात येईन. तुम्ही म्हणालात तर किल्ल्या टेबलावर ठेवीन. पानं मी लिहीतच राहीन, घरून लिहीन, दासगावहून लिहीन. आता सरांनी बांधलंय म्हणून नाही.

आज सकाळी इकडं यायच्या आधी मी ते पाचवं पान उघडलं. तपासलं: य. सकपाळ, ही ओळ काढली. एका झटक्यात नाही निघाली माझ्याच्यानं. शेवटी डोळे मिटून काढली. तिथं माझं नाव घालणार होते, पण नियम आडवा आला. लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, ज्यानं हात लावून बघितलं त्याचं घालायचं. सरांचा नियम आहे, मी दुसऱ्यांदा मोडणार नाही. म्हणून ती जागा रिकामी आहे. तपासलं, पुढं काहीच नाही.

मोरे बाई.

मी तुमच्या घरी येईन. तुम्ही शनिवार सांगा, कुठलाही. मी संगणक घेऊन येईन, पान तुमच्या पुढ्यात ठेवीन आणि बाजूला तोंड मिटून बसेन. तुम्ही पानात लिहिलंय तेवढंच करा. चुकलेलं असेल तर मला तिथंच सांगा, वाट्टेल त्या शब्दांत. बरोबर असेल तर त्या रिकाम्या जागी तुमचं नाव घालायला द्याल? नाही म्हणालात तरी चालेल. मग जागा रिकामीच राहील, आणि वाचणाऱ्याला कळेल की हे पान अजून कुणी तपासलेलं नाही.

उत्तर आत्ता देऊ नका.

मंडळी, मला पाच मिनिटं दिली होती आणि मी फार बोलले. आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं. एका विनंतीसकट. मोरे बाई त्या दिवशी मशीनसमोर थांबल्या होत्या, मशीन विचारेल म्हणून. आज मी तुमच्यासमोर थांबले आहे. दोन मिनिटं संपली की ज्याला जे विचारायचंय ते त्यानं मला विचारावं. मी कुठं जाणार नाही.

सर, तुमचं नाव मी पानावरून काढलं. तुम्ही हात लावून बघितलेल्या बाकीच्या पानांवर ते तसंच ठेवलंय. जयभीम, सर.

उठूया.